काम काय? अवघडल्या प्रसंगांचे कँटोनीज वाक्प्रचार

निंबोणी

गेल्या मंगळवारी ऑफिसच्या पँट्रीत चहा करत होते आणि कोल्हापूरहून आईचा फोन आला. एका हातात कप, दुसऱ्यात दुधाचा डबा, म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. आई नेहमीच्या पट्टीत सुरू झाली, "दोन दिवस फोन नाही! एवढं काम काय असतं गं तुला? अं? काम काय?"

पँट्रीत आणखी दोघं होती. एक आमचे साहेब आणि दुसरी चे. ('चे' म्हणजे ताई. पन्नाशीची आहे, ऑफिसात सगळे तिला असंच म्हणतात.) पाचच मिनिटांपूर्वी मीटिंगमध्ये साहेबांनी एका फाइलमधल्या चुकलेल्या आकड्याचं खापर सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर फोडलं होतं. आकडा साहेबांनीच बदलला होता, हे मला ठाऊक, तिला ठाऊक आणि साहेबांना तर नक्कीच. आता दोघं एकाच किटलीपाशी उभी. तो खिडकीकडे बघतोय, ती फ्रीजकडे. आणि माझी आई खणखणीत आवाजात विचारतेय, काम काय? काम काय?

इथे हाँगकाँगला कँटोनीजमध्ये 'काम काय' म्हणजे अवघडलेपण. कुठे बघावं कळत नाही, हातांचं काय करावं सुचत नाही, तसा प्रसंग. उच्चार अगदी आपलाच, 'काम' आणि 'काय'. साहेब कप न भरताच निघून गेले. चे माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिला असं हसू फुटलं की निम्मा चहा ओट्यावर. म्हणाली, "तुझ्या आईला तिथून दिसतं का गं?"

नऊ वर्षं इथे राहून माझं कँटोनीज बाजारहाटापुरतंच आहे. पण त्या दिवसापासून चे मला रोज जेवणाच्या सुट्टीत दोन-तीन वाक्प्रचार शिकवते. सगळे फजितीचे, अडचणीचे, तोंड लपवायचे. माझ्या लक्षात आलं ते हे की कँटोनीज माणूस अडचणीत सापडला की सरळ स्वयंपाकघरात शिरतो. मोठी भानगड झाली की म्हणायचं 'ताय वॉक', म्हणजे मोठी कढई. "ताय वॉक ला!" म्हणजे मेलो आता! हॉटेलांत आणि चायनीजच्या गाड्यांवर जिच्यात नूडल्स परततात तीच ही वॉक. इंग्रजीने तो शब्द कँटोनीजमधूनच उचललाय. दुसऱ्याचा दोष आपल्यावर आला तर 'मे वॉक', कढई पाठीवर घेणे. यातला 'मे' मला फार आवडला. आई पोराला फडक्याने पाठीवर बांधते त्या क्रियेला हा शब्द आहे. म्हणजे ती कढई नुसती उचलायची नाही, लेकरासारखी वागवायची.

आपण केलंच नाही त्याचा ठपका मुकाट गिळावा लागला तर 'सिक सेई माउ', मेलेलं मांजर खाणे. मांजराला कँटोनीजमध्येही माऊच म्हणतात, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि सगळा गोंधळ झाला की 'यत वॉक चुक'. यत म्हणजे एक, चुक म्हणजे तांदळाची पातळ पेज. एक कढई पेज, कुठे दाणा कुठे पाणी पत्ता नाही, असा बट्ट्याबोळ. उच्चार मराठी 'चूक'च्या अगदी जवळचा, च चुलीतला, चिमणीतला नव्हे. एक कढईभर चूक! हे मी चेला अजून सांगितलेलं नाही, योग्य वेळेसाठी राखून ठेवलंय.

तर मंडळी, तुमच्याकडे असे काही असतील तर येऊ द्या. मराठीतलेही चालतील. हाँगकाँगला राहून गेलेल्यांनी तर हात आखडता घेऊच नये.

झंपी

"ताय वॉक ला!" हे मी मोठ्याने वाचलं तर शेजारच्या खोलीतून बहीण म्हणाली, "थांब, बूट घालते."

ताई, वॉकला. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

चकली

मस्त धागा. खापर फोडणे यातलं खापरही शेवटी भांडंच की. फरक एवढाच की आपण ते दुसऱ्याच्या डोक्यावर फोडून मोकळे होतो. कढई बापडी फुटतही नाही, ती आयुष्यभर पाठीवर.

मेलेल्या मांजरासाठी मराठीत मला 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' आठवला. पण त्यात मारणारा दिसतो. मांजरात तो दिसत नाही, ताटात फक्त मांजर येतं.

डबलडेकर

मी ९२ ते ९७ तिथे होतो, सत्तांतर बघूनच परतलो. तुमच्या धाग्याने जुनी दारं उघडली.

पहिला शिकलो तो 'छाउ यौ यू', माकूल (म्हणजे स्क्विड) परतणे. नोकरीवरून काढून टाकलं की म्हणायचं, त्याला माकूल परतलं. त्याचं कारण असं सांगतात की पूर्वी दुकानातला नोकर मालकाकडेच राहायचा, अंथरूण मात्र स्वतःचं आणायचा. काढून टाकलं की वळकटी गुंडाळायची आणि चालू पडायचं. माकुलाचे तुकडे तापल्या कढईत पडले की अगदी तसेच सुरळी होऊन गुंडाळतात. 'काढून टाकलं' म्हणायला तोंड उघडत नाही म्हणून हा आडवळणाचा शब्द. आपण नाही का नारळ देत! त्यांच्याकडे मासळी, आपल्याकडे श्रीफळ, घरी जायचं ते जायचंच.

दुसरा, 'सिक निंग मुंग', लिंबू खाणे. मुलीला विचारलं आणि तिने नकार दिला की लिंबू खाल्लं. हा मी स्वानुभवाने शिकलो, अधिक विचारू नये.

तिसरा जास्त बोचरा. माझा खोलीतला मित्र कँटोनीज होता, बँकेत. एका रविवारी म्हणाला, चल, फेरीने पलीकडे जाऊ. (तीच ती स्टार फेरी, जिचा आरंभ दोराबजी नवरोजी या पारशी माणसाने केला.) धक्क्यावर पोचलो तर त्याची मैत्रीण उभी. मी दोघांच्या मध्ये बसलो, कारण खिडकीची जागा तिला हवी होती आणि कडेची त्याला. वर त्यांना शिवाजी महाराजांचा इतिहास सांगितला, तो सगळा. उतरताना ती त्याच्या कानात काहीतरी बोलली, त्यात 'तिन तंग ताम' एवढं मला ऐकू आलं. रात्री अर्थ विचारला. विजेचा दिवा, बल्ब. प्रेमी जोडप्याच्या मध्ये लुडबुडणारा तिसरा. मला वाटलं उजेड पाडतो म्हणून बल्ब. तर तसं नव्हे. बल्ब चहूबाजूंनी बंद असतो, त्यातून हवा जात नाही. आणि 'म् थुंग हेई', हवा न खेळणारा, म्हणजे ज्याला प्रसंग कळत नाही असा माणूस. ही दुसरी पायरी त्याने मला चहा पाजून, हळूहळू, पाठीवर हात ठेवून समजावली.

झंपी

सगळा इतिहास म्हणजे शहाजीराजांपासून का?

डबलडेकर

मालोजीराजांपासून.

अनुस्वार

चांगलं लिहिलंय, पण एक शंका. कँटोनीज ही चिनी भाषेचीच बोली ना? मग हे वाक्प्रचार 'चिनी' म्हणायला काय हरकत?

निंबोणी

@अनुस्वार, काही आहेत सामाईक. वाघावर बसलं की उतरता येत नाही ही म्हण सगळ्या चिनी भाषांत आहे. पण बोलणं एकमेकांना कळत नाही हो. बीजिंगच्या अशिलांचा फोन येतो तेव्हा चे त्यांच्याशी शाळेत शिकल्यासारखी मँडरिन (चीनची अधिकृत भाषा) बोलते आणि फोन ठेवला की म्हणते, 'कै थुंग आप कोंग', कोंबडी बदकाशी बोलतेय. दोघं जीव तोडून बोलतात, कळत कुणालाच नाही. क्वांगतुंग, क्वांगशी, हाँगकाँग, मकाव आणि जगभर पांगलेले मिळून सुमारे ८ कोटी लोकांची ही भाषा आहे, मराठीच्या जवळपास. तिला बोली म्हणायचं की भाषा, यावर तुम्ही इथल्या टॅक्सीत वाद घालू नका एवढंच सांगेन. भाडं होईपर्यंत संपणार नाही.

पंतोजी

लिपीबद्दल थोडं. रोमनमध्ये कँटोनीज लिहितात तेव्हा 'जी' अक्षराचा उच्चार आपला क असतो आणि 'के'चा ख. तसंच 'डी' म्हणजे त आणि 'टी' म्हणजे थ. इंग्रज लोक इथेच आपटतात, कारण अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद त्यांच्या कानाला ऐकूच येत नाही. आपल्याला तो बाराखडीतच मिळालाय. मात्र सूर आपल्याकडे नाहीत आणि कँटोनीजमध्ये सहा आहेत, त्यामुळे धागालेखिकेचं देवनागरी वाचून कुणी तिथे बोलायला जाऊ नये. सूर हुकला तर काय होतं ते सोडाच, सूर बरोबर असूनही घोटाळे होतात. 'सी' या एकाच उच्चारात, एकाच सुरात, 'इतिहास' आहे आणि 'विष्ठा'ही आहे.

झंपी

डबलडेकर, तुम्ही फेरीत नक्की काय सांगत होता म्हणालात?

खारवी

माकुलावरून आलो. तव्यावर टाकल्या टाकल्या गुंडाळतं हे खरं, आणि वेळेत काढलं नाही तर रबर होतं. नोकरीवरून काढलेल्या माणसाचंही तसंच होतं म्हणा.

खेकड्यांवरून काहीच नाही का त्यांच्याकडे? दर्याकाठची माणसं ना ती?

निंबोणी

@खारवी, आहे तर! 'तोउ से लॉ हाय', खेकड्यांची टोपली सांडणे. हाय म्हणजे खेकडे. एकाच वेळी दहा कामं अंगावर आली आणि हात-पाय सुचेनासे झाले की हे. परवा ऑडिटच्या दिवशी प्रिंटर बंद, पाहुणे दारात, साहेबांचा फोन आणि माझ्या मुलाच्या शाळेतून 'पोट दुखतंय, घेऊन जा'. चे लांबूनच ओरडली, लॉ हाय!

खारवी

ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं त्याची टोपली खरंच सांडली असणार. लहानपणी आमच्या ओटीवर माझ्या हातून सांडली होती, म्हणून सांगतो. खेकडे सगळे एका दिशेला जात नाहीत. एक चुलीखाली, एक देव्हाऱ्यामागे, दोन आजोबांच्या आरामखुर्चीखाली. एकाला मागून धरावा तर दुसरा पायाला. आणि ते चालतात आडवे, म्हणजे तुम्ही समोर झडप घालता तेव्हा तो तिथे नसतोच. आजी देव्हाऱ्यापुढे पळी उगारून उभी आणि आजोबा खुर्चीवर पाय वर घेऊन मला सूचना करतायत. शेवटचा तिसऱ्या दिवशी वासावरून सापडला.

'तारांबळ' म्हणतो आपण, पण त्या शब्दाला नांग्या नाहीत.

चकली

देव्हाऱ्यामागे!!! खारवी, तुमच्या आजीला दंडवत.

निंबोणी

दाढीचा राहिला. 'लत सोउ', दाढी गळून पडणे. चांगल्या जाणत्या माणसाची चारचौघांत चूक झाली, पत गेली, की त्याची दाढी गळली. चे सांगत होती की हा कँटोनीज संगीत नाटकातून आलाय. सेनापती तावातावाने गातोय आणि चिकटवलेली दाढी खाली. यात तो माणूस वाईट ठरत नाही हे मला आवडलं. त्याने सोंग चांगलं वठवलं होतं, फक्त डिंकाने दगा दिला.

खारवी

दशावतारात हे मी डोळ्यांनी बघितलंय. रात्रीचे दोन-अडीच, देवळासमोर मांड, राजा आणि राक्षसाचं युद्ध. तलवार फिरवताना राजाची अर्धी मिशी सुटून ओठावर लोंबायला लागली. प्रेक्षकांत खसखस. आता दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. राक्षसाने युद्ध थांबवलं आणि गरजला, "राजा, माझ्या भयाने तुझी मिशीसुद्धा पळ काढते आहे!" राजाने उरलेली अर्धी स्वतःच उपटून त्याच्यापुढे फेकली, "घे, ही तुझ्या श्राद्धाला!" टाळ्या. लोकांना वाटलं तसंच बसवलंय.

पंतोजी

वा! मिशी पडली आणि पडलेली दिसलीही नाही.

या सगळ्यात एक प्रकार अजून आला नाही. कँटोनीजमध्ये 'हित हौ यू' म्हणून अर्धवट म्हणींचा मोठा साठा आहे. पहिला अर्धा भाग म्हणजे एक चित्र. तेवढंच बोलायचं आणि थांबायचं. खरा अर्थ दुसऱ्या अर्ध्यात असतो, तो ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा. 'मुक्याने हुआंगलिआन खाल्लं' एवढंच म्हणतात. हुआंगलिआन म्हणजे अतिशय कडू मूळ, त्यांच्या वैद्यकातलं. उरलेलं मनात, 'कडू किती ते त्याचं त्यालाच ठाऊक'. आपणही 'नाचता येईना' एवढंच म्हणून गप्प बसतो, अंगणाचं नाव घेत नाही. 'आंधळं दळतंय' म्हटलं की कुत्रं आपोआप येतं. पण आपल्याकडे ही सवय आहे, त्यांच्याकडे तो एक बांधीव प्रकार आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात पुष्कळदा श्लेष असतो.

हे न कळल्याने एक प्रसिद्ध फजिती झालेली आहे. १९७० साली माओने एडगर स्नो या अमेरिकी पत्रकाराला स्वतःबद्दल सांगितलं, मी म्हणजे छत्री धरलेला भिक्षू. ही म्हण उत्तरेकडेही आहे आणि कँटोनीजमध्येही. दुसरा अर्धा असा: डोक्यावर केस नाहीत आणि छत्रीमुळे आभाळही नाही. 'केस' आणि 'कायदा' हे शब्द उच्चाराने जुळतात (कँटोनीजमध्ये दोन्ही 'फात'), आणि आभाळ म्हणजे दैव. अर्थ, मी ना कायदा जुमानत ना देव. स्नोने १९७१ मध्ये छापलं ते असं की माओ स्वतःला गळकी छत्री घेऊन जगात एकटा हिंडणारा भिक्षू समजतो. बंडखोराचा साधू झाला. गळकी कुठून आली ते स्नोलाच माहीत.

डॉकयार्ड

बराच काळ वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ एका जुन्या इमारतीत चिनी देऊळ आहे, 'सी यप'. सी यप म्हणजे चार परगणे, क्वांगतुंग प्रांतातले. मुंबईला आलेले अनेक चिनी त्या भागातले, म्हणजे कँटोनीजच्या सख्ख्या बहिणीसारखी भाषा बोलणारे. आमच्या लहानपणी दाताचा डॉक्टर चिनी असायचा, आईचं पार्लर चिनी बाईचं. ६२च्या युद्धानंतर पुष्कळ जण गेले. देवळातला देव म्हणजे क्वान कोंग, लाल चेहऱ्याचा दाढीवाला योद्धा. त्याचं शस्त्र म्हणजे लांब दांड्याचा जड कोयता, त्याला 'क्वान तोउ' म्हणतात.

तर आमच्या डॉक्टरकाकांच्या तोंडी एक वाक्य असायचं, जे त्यांनी मला मी दहावी झाल्यावर समजावलं, आधी नाही. 'संडासात पडलेला क्वान तोउ'. हा पंतोजी म्हणतात तसला अर्धवट प्रकार. दुसरा अर्धा: वास घेववत नाही आणि फिरववतही नाही. 'वास घेणे' आणि 'विद्या' एकाच उच्चाराचे, 'फिरवणे' आणि 'युद्ध'ही एकाच उच्चाराचे. म्हणजे असा माणूस जो ना लिहिण्यावाचण्याच्या कामाचा, ना अंगमेहनतीच्या. मला म्हणाले, निकाल काय लागला? ५२ टक्के ऐकून हे समजावलं.

झंपी

ही म्हण माझ्या वडिलांच्या हाती लागता कामा नये.

चकली

घरातल्या अडचणींचं काही आहे का? सासू, जाऊ, नणंद? की सगळं ऑफिस आणि नाटकच?

निंबोणी

@चकली, तुमच्यासाठीच राखून ठेवलेला. 'सन तक कॉ छिंग, सत सोउ यी'. भावाचं मन राखावं तर वहिनीचं मोडतं. कॉ म्हणजे थोरला भाऊ, सोउ म्हणजे त्याची बायको. चेला मी विचारलं, तुमच्याकडेही एकत्र कुटुंब होतं का? ती म्हणाली, "नसतं तर ही म्हण कशाला लागली असती?"

आणि एक होडीवरचा: होडीच्या पुढच्या टोकाला भुताची भीती, मागच्या टोकाला चोराची. 'इकडे आड तिकडे विहीर' म्हणतो आपण. आपण जमिनीवरचे, पाण्यात पडायला घाबरतो. ते आधीच पाण्यात.

चकली

दादा-वहिनीचं वाक्य भिंतीवर लावायच्या लायकीचं आहे. गेल्या गणपतीत दादा म्हणाला, मोदक उकडीचेच हवेत. वहिनी म्हणाली, माझं मनगट दुखतंय, तळणीचे करू. मला दोघांनी वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, मला डायबेटिस आहे. नाहीये मला.

अनुस्वार

गमतीजमती ठीक आहेत. पण मला एक सांगायचंय, राग मानू नका. धाग्याच्या सुरुवातीला एका बाईवर सरळसरळ अन्याय झालाय. साहेबाने माफी मागायला हवी. ते सोडून सगळे कढई, मांजर, मुका आणि कडू मूळ करत बसलेत. हे आडवळणाने बोलणं म्हणजे अन्याय पचवायची सोयच नाही का? असल्या म्हणींमुळेच माणसं गप्प बसायला शिकतात.

चकली

गप्प बसायला लावते ती नोकरी, म्हण नव्हे. बावन्न-पंचावन्नच्या बाईने साहेबाला तोंडावर खोटारडा म्हणावं हे इथे बसून टंकायला सोपं आहे.

पंतोजी

अनुस्वारांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण म्हणींचा उपयोग फक्त गिळण्यासाठी होत नाही. २०१४ साली हाँगकाँगच्या आ तो या चित्रकाराने ८१ कँटोनीज म्हणी एकाच मोठ्या चित्रात शब्दशः रंगवल्या. ब्रॉयगल या जुन्या चित्रकाराने १५५९ साली डच म्हणींचं चित्र काढलं होतं, त्या धर्तीवर. त्या काळात तिथे शाळांत मँडरिन वाढत होतं आणि आपली भाषा मागे पडतेय ही भावना होती. म्हणजे कोंबड्या-बदकांचं ते चित्र म्हणजे भांडणच होतं, फक्त आवाज न चढवता केलेलं.

निंबोणी

@अनुस्वार, राग कसला? मलाही पहिल्या दिवशी तेच वाटलं होतं. मी चेला म्हटलंही, चल, आपण वर तक्रार करू, मी साक्ष देते. त्यावर ती जे बोलली तो या सगळ्यातला मला सर्वांत कामाचा वाटलेला वाक्प्रचार, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक शब्द: 'लॉक'. म्हणजे उतरणे. इथल्या मिनीबस सोळा-एकोणीस आसनांच्या, लाल रंगाच्या ज्या असतात त्यांत थांबा आला की प्रवाशाने ओरडायचं असतं, 'यौ लॉक!', उतरणारं आहे. पहिल्या वर्षी माझ्या तोंडून ते निघायचंच नाही. सगळी बस शांत, कुणी डुलक्या घेतंय, आणि त्यात मी परकी बाई चुकीच्या सुरात किंचाळणार? एकदा जिभेवर शब्द घेऊन तीन थांबे पुढे गेले. पावसात चालत परत आले, आणि मनात भांडत होते ते त्या ड्रायव्हरशी, ज्याने मला 'उतरू दिलं नाही'.

फजिती झाली, शब्द मागे घेता येईना, की कँटोनीज माणूस म्हणतो, मला मंचावरून उतरता येत नाहीये. तोच 'लॉक'. लोकांसमोर वर चढून बसलाय, खाली यायचंय, पण वाट नाही. आणि मग दुसऱ्याने काय करायचं? त्याला 'लौ थै' द्यायचा. जिना. उतरायला जिना लावून द्यायचा.

चे म्हणाली, "साहेब त्या दिवसापासून वर अडकलाय. रोज पँट्रीत येतो, मला बघतो, परत जातो. मी तक्रार केली तर तो आणखी एक मजला वर चढेल." मी विचारलं, मग जिना तूच का लावायचा? चढला तो. तर म्हणाली, "कारण मी खाली आहे. जिना खालूनच लावतात."

मला हे पूर्ण पटलंय असं नाही. पण त्यावर मला उत्तरही सुचलेलं नाही.

अनुस्वार

हं. वाक्य चांगलं आहे. मत बदललेलं नाही, नोंद घेतली.

डबलडेकर

माझा तो बँकेतला मित्र मला चहा पाजत होता तेव्हा जिनाच लावत होता, हे आज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी कळलं. बल्ब विझायला वेळ लागतो.

निंबोणी

धाग्याचा शेवटचा हप्ता, आज दुपारचा.

काल मी चेला अखेर सांगितलं की मराठीत 'चूक' म्हणजे काय. तिने मला तीनदा म्हणायला लावलं. यत वॉक चुक. यत वॉक चुक. मग काहीच बोलली नाही, हसली फक्त.

आज सकाळी भला मोठा स्टीलचा थर्मास घेऊन आली. आत पेज. मी मांस खात नाही म्हणून शेंगदाणे आणि आल्याचे केसासारखे बारीक काप, वर कांद्याची पात. पहाटे साडेचारला उठून ढवळत बसली होती, म्हणाली, ढवळणं सोडलं की तळाला लागते. पँट्रीत आम्ही दोन वाट्या काढल्या. तिने एक तिसरी काढून ठेवली. मी विचारलं, कुणाला? म्हणाली, "तू खा."

साडेबाराला साहेब आले. दारातच थबकले, पाय मागे वळलेला मला स्पष्ट दिसला. थर्मासकडे बघितलं, चेकडे बघितलं. चे पेज फुंकत होती, तिने मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "आज खूप झालीय. उरली तर टाकून द्यावी लागेल."

साहेब बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ती फाइल मी आज दुपारी सगळ्यांना परत पाठवतो. आकडा माझ्याकडून बदलला गेला होता, तसं लिहून." चे म्हणाली, "आलं जास्त चालतं ना तुम्हाला?" आणि तिसरी वाटी भरून त्यांच्यापुढे सरकवली. तिघांनी उभ्या उभ्या खाल्ली. कुणी काही बोललं नाही. काम काय होतंच, पण पोटात गरम.

मेल तीन वाजून दहा मिनिटांनी आला.

अनुस्वार

लिहून दिलं ना? मग ठीक.

झंपी

म्हणजे साहेबांनी चूक पदरात नाही, वाटीत घेतली.